मण्याने मारलेली हाक

एक होता कॅमेरा. त्याला तीन भिंगं, तिन्ही लेकीच. थोरली दहाकी मुंगीचा पाय म्हशीएवढा दाखवायची, पण अगदी नाक टेकवून. मधली दुकी. धाकटी एकी हातभर लांबून बघायची, म्हणून तिला कुणी विचारत नसे.

एकदा भर दुपारी बाप लेकींना पिशवीत घेऊन, तीन पायांवर चालत करवंदीच्या जाळीपाशी गेला. वारा पडलेला. पानांत एक सोनेरी मणी लुकलुकला आणि हळूच म्हणाला, "ये. अजून जवळ ये."

"बाबा, मला लावा!" दहाकी म्हणाली. तिला लावून बाप झुकला. मण्यात काळी चीर होती, आणि चिरेच्या आत तेच दोघं, बाप नि दहाकी, इवलेसे बसलेले. बापाला मागे सरवेना.

पिशवीतून एकी म्हणाली, "बाबा, मणी बोलतोय, तर त्याचं तोंड कुठंय? मला लावून बघा की!"

"तू काय बघणार गं, आंधळे!" दहाकी हसली.

पण बाप दचकला. हातभर मागे सरून त्यानं एकीला लावलं. मण्याभोवती डोकं दिसलं, वासलेला जबडा दिसला, वेलीसारखं हिरवं अंग दिसलं. डोळ्यावरच झेपावणारा हरणटोळ साप! सापानं झेप घेतली, पण बाप हातभर मागे होता, म्हणून ती हवेतच गेली.

"एके, इथून पुढं आधी तू बस गं," दहाकी म्हणाली.

तेव्हापासून त्या घरात कुणाच्या काचेला साधा चरा पडला नाही, आणि चौघंही धडधाकट डोळ्यांनी म्हातारी झाली.