वेतोबाच्या चपला आणि स्पॅनिश भुतं

इंग्रजी परीकथांचं पुस्तक स्पॅनिशमध्ये नेताना शर्वाणी पार गोंधळून गेली. गॉब्लिनला, त्या खोडकर भुताला, त्रास्गो म्हणावं की दुएंदे? प्रत्येक कोश वेगळंच सांगत होता. शेवटी कोण कुठे राहतं, काय खातं, कशा खोड्या काढतं हे पाहून तिने एकेकाचं नाव ठरवलं.

विभागप्रमुख परुळेकर सरांनी सगळ्या नावांवर काट मारली. "सरसकट मोन्स्त्रुओ लिही. म्हणजे राक्षस! भुताखेतांत कसला आलाय फरक? जमत नसेल तर पुस्तक दुसऱ्याला देतो."

शर्वाणी म्हणाली, "बरं सर. तुम्ही दरवर्षी गावी भुतांच्या राजाला, वेतोबाला, चपला वाहता ना? यंदा तिथल्या पिंपळावरच्या मुंज्याला वाहा. आणि हडळीसाठी ठेवतात ती हिरवी साडी वेतोबाला नेसवा."

सर ताडकन उठले. "डोकं फिरलंय का तुझं? वेतोबा कुठे, हडळ कुठे! ज्याचं त्यालाच द्यावं लागतं, नाहीतर गावात राहू देतील का मला?"

शर्वाणीने नावांचा कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. "मी तेवढंच केलंय, सर. सही करा."