रिबकामावशीचं मडकं

दर साली ह्या म्हाताऱ्याला धरून आणायचं, खुर्चीत कोंबायचं, आणि निम्म्या गोष्टीत पेंगायचं. पाळकसाहेबांना सांगायला लावा म्हटलं तर ते शास्त्रातलं सांगतात. ही शास्त्रात नाही. बसा आता नीट, आणि मध्ये कोणी उठायचं नाही.

लई वर्षं झाली. गोरा साहेब मिशन सोडून गेला होता आणि गावात विजेचा खांब यायचा होता, त्या मधल्या काळात खडकवाडगावच्या महारवाड्यात येशूचं देऊळ होतं, मातीच्या भिंतींचं. ते झाडायची रिबकामावशी. नवरा नाही, मूल नाही, तोंडात दात चार. पण देवळातलं मोठं मडकं तिच्या ताब्यात. भाकरी थापायच्या आधी प्रत्येक बाई पिठातली एक मूठ बाजूला काढायची आणि रविवारी मडक्यात टाकायची. तिला देवाची मूठ म्हणत.

एका रविवारी उपासना चालू असताना पाटलाचा सांगावा आला. मामलेदाराचा तळ पडलाय, लाकडं वाहायला चला. वेठीचं काम, मजुरी नाही. दाविदा नावाचा उंच गडी उठला आणि म्हणाला, "उपासना झाली की येतो, अन् मजुरी काय ते सांगा." एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी गावानं सगळ्या महारवाड्याला वाळीत टाकलं. दुकान बंद, शेतातलं काम बंद, पाणी दोन कोसांवरच्या नदीचं.

मावशीनं मडकं उघडलं. पाळक म्हणाले, "मावशी, ती देवाची मूठ आहे."

"देवाला भूक लागली तर तो बी इथंच जेवल, साहेब."

मडक्यात पीठ होतं सात दिवसांचं. आठव्या दिवशी मावशीनं हात घातला, तर पीठ होतंच. नवव्या दिवशीही. असं म्हणतात की वीस दिवस त्या मडक्याचा तळ कुणी पाहिला नाही. लोक गुडघे टेकून रडले. मावशी रडली नाही. तिनं पीठ बोटांत चोळून पाहिलं. टाकली होती बाजरी, आणि निघत होता हुलगा.

हुलगा खायचा ओढ्यापलीकडचा मांगवाडा. तीही माणसं येशूचीच, बाप्तिस्मा त्याच पाळकाच्या हातचा. पण देवळात त्यांची जागा ओसरीवर. आतल्या चटईवर महारवाडा. प्रभुभोजनाचा प्याला ओसरीवर जायचा तो आतल्या सगळ्यांचे ओठ लागून झाल्यावर. गाव आपल्याला करायचं तेच आपण त्यांना करत होतो, आणि गाणी भावाभावांची म्हणत होतो. गोष्टीतला हा भाग गाळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया नदीवर गेल्या, तशी मावशी दारामागं बसली. ओढ्यापलीकडची सारजा आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि हात लांब करून पदरातलं पीठ मडक्यात सोडू लागली.

"आत ये की गं."

"नको मावशी. कुणी बघितलं तर पीठ फेकतील. पोरं उपाशी ऱ्हातील."

"कुणाकुणाच्या मुठी ह्या?"

"समद्या घरच्या. आज तुमी वाकला, तर उद्या आमाला कोण इचारतंय?"

मावशीला त्या दिवशी अन्न गेलं नाही. सांगावं तर लोक पीठ फेकतील, आणि भुकेपायी दाविदा पाटलाच्या पायाशी जाईल. न सांगावं, तर सारजा जन्मभर उंबऱ्याबाहेर.

रविवारी तिनं मडकं ओढत मधोमध आणलं. "हे पीठ सारजाचं हाय. तिच्या समद्या वाड्याचं. बारा दिस झाले तुमी खाताय. ज्याला वकायचं त्यानं वकावं."

तेव्हा दाविदाची आई उठली. शिवाशिव पाळण्यात तिच्याइतकी कडक बाई त्या वाड्यात नव्हती. म्हणाली, "तरीच म्हणलं, भाकर पोटाला धरून राहतीय. सरका गं, तिला बसू द्या."

आणि सारजा चटईवर बसली.

आता मांग लोक काय करायचे, तर दोर वळायचे. सोमवारी त्यांनीही हात आवरला. असं म्हणतात की त्याच सोमवारी गावातल्या झाडून सगळ्या मोटांचे नाडे, म्हणजे ओढायचे दोर, एका दमात तुटले आणि चामड्याच्या मोटा विहिरींत गडप झाल्या. पाटलाचा ऊस माना टाकू लागला. चौथ्या दिवशी पाटील आपल्या पायांनी ओढ्यापर्यंत आला. वाळीत टाकणं उठलं. वेठ गेली, मजुरी ठरली.

त्या रात्री मावशी पाय पसरून झोपली, ती उन्हं छपरावर आली तरी उठेना. उठली तेव्हा मडकं रिकामं होतं. तिनं ते धुतलं आणि उन्हात पालथं घातलं.

म्हणून अजून सुगीनंतरच्या पहिल्या रविवारी दोन्ही वाड्यांतलं प्रत्येक घर एक मूठ पीठ आणतं. सगळं एका परातीत कालवतात, कुणाचं कोणतं ते कळता कामा नये, आणि हुलगा असलाच पाहिजे. त्या दिवशी ओसरीवर कुणाला बसू देत नाहीत, आलेल्या पाहुण्यालासुद्धा. पहिला घास तोडताना म्हणतात, "रिबकामावशीच्या नावानं."

मागच्या साली मात्र हुलग्याला वास येतो म्हणून ह्या म्हाताऱ्याची मूठ परातीत पडू दिली नाही, बाहेर उकिरड्यावर टाकली. चारचौघांत. वर्ष झालं, अजून माफी मागितलेली नाही. मंडळीचा सेक्रेटरी आहे तो, त्या खांबाआड बसलाय, शमुवेल वाघचौरे.