लेक की सून

पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही रीत कुमुदबाईंना मान्य होती. साड्यांना फॉल लावून त्यांनी त्यासाठी आठ हजार रुपये जमवले होते, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तेवढ्यात सारे निभावणार होते. पण लेक रेवतीच्या डोहाळजेवणाला तिचे सासरे अण्णासाहेब गुळवणी आले आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "विहीणबाई, आमच्या घराण्याचा वारस सरकारी खाटेवर जन्मणार नाही. शहरातले मोठे इस्पितळ, स्वतंत्र खोली. साठ हजारांत होईल. खर्च अर्थात माहेरचा, रीतच आहे."

शिलाई मशीन विकले तरी साठ हजार जमणार नाहीत, हा हिशेब कुमुदबाईंनी मनातल्या मनात केला. पेढा-बर्फीच्या खेळासाठी तबकात दोन वाट्या पालथ्या घातलेल्या होत्या. ते तबक त्यांनी अण्णासाहेबांपुढे सरकवले.

"रीत मोडायची नाही, अण्णासाहेब. फक्त रेवती दवाखान्यात कोण म्हणून जाणार, तेवढे ठरवा. ही डावी वाटी लेकीची. लेकीचे बाळंतपण मी करीन, माझ्या ऐपतीच्या दवाखान्यात. ही उजवी सुनेची. सुनेचे बाळंतपण घराण्याच्या इतमामाने होईल आणि घराण्याच्या खर्चाने. उचला एक."

अण्णासाहेबांचा हात बराच वेळ दोन्ही वाट्यांवर घोटाळला. शेवटी त्यांनी डावी वाटी उचलली, खालची बर्फी तोंडात टाकली आणि गंभीरपणे म्हणाले, "हल्ली सरकारी दवाखान्यांतल्या सोयी फार सुधारल्या आहेत, असे ऐकतो."