कुंभारणीने पाहिलेली पाठ

फार फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी मनावर घ्यावी.

एका गावात एक कुंभारीण होती. कुणाच्या लग्नात किती मडकी गेली, सारं तिला तोंडपाठ. तिच्या आठवणीवर गावाचा भारी भरवसा.

एका तिन्हीसांजेला गावाच्या बियाण्याची कणगी कुणीतरी फोडली. कुंभारीण म्हणाली, "पोतं घेऊन जाणारा एक जण मी अंगणातून पाहिला."

मग काय, प्रश्नांना ऊत आला! "लंगडत होता का गं?" जो तो तेच विचारी. दहा जणांना दहा वेळा सांगता सांगता ती लंगडी चाल तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. गावात लंगडा एकच, गरीब मेंढपाळ; लोकांचा संशय आधीपासून त्याच्यावरच. त्याला बायकापोरांसह उद्या गावाबाहेर काढायचं, असं पंचांनी ठरवलं.

सून भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, पहिल्या दिवशी तुम्ही नुसती पाठ पाहिली म्हणाला होतात."

"मला काय चळ लागलाय? या डोळ्यांनी पाहिलंय!" कुंभारीण कडाडली. पण तिला चैन पडेना. बाई हट्टी खरी, पण हट्ट खऱ्याचा.

दिवस मावळताना ती अंगणात त्याच जागी बसली. सुनेला म्हणाली, "पोतं घेऊन त्या वाटेनं जा. एकदा नीट चाल, एकदा लंगडत. कधी कशी ते सांगू नकोस."

मध्ये निवडुंगाचं उंच कुंपण. पोतं आणि थोडी पाठ, एवढंच दिसलं. तिने ओळखायचा प्रयत्न केला आणि ती साफ चुकली. कुंभारीण खरं सांगायला चावडीकडे निघाली.

शब्द फिरवणाऱ्याच्या घरची मडकी लग्नाला घ्यायची नाहीत, अशी गावाची रीत होती. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, गप्प राहा. आपण खायचं काय?"

"खाऊ कोंडा. पण त्याची पोरं माझ्या तोंडामुळं देशोधडीला लागायची नाहीत."

ती तडक चावडीवर गेली. "मी पाठ पाहिली. लंगडणं तुम्ही विचारलंत, मी धरून बसले. चूक माझी."

मेंढपाळ गावात राहिला. त्या वर्षी कुंभारणीचं एकही मडकं लग्नाला गेलं नाही, आणि तिनेही तक्रार केली नाही. मात्र साक्षीदाराचं बोलणं संपेपर्यंत पंचांनीच काय, कुणीच तोंड उघडायचं नाही, हा नियम त्या दिवसापासून झाला.

तात्पर्य : मडकं घेताना वाजवून घेतो, तशी दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी आपली आठवणही वाजवून घ्यावी.