मरियानचं गाणं

"पण आजा, ते गाणं तुला येत नाही, असं कसं होईल?"

जुजे आजा दमामाच्या, आपल्या जुन्या ढोलाच्या, दोऱ्या आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"गाणं बायकांचं. आम्ही नुसतं वाजवायचं. म्हणणारी शेवटची तुझी आई, मरियान."

पुण्याहून रात्रभर प्रवास करून नताल सकाळीच वस्तीवर उतरली होती. जंगलातली ही सिद्दी माणसांची वस्ती. त्यांच्या पूर्वजांना कुणे काळी आफ्रिकेतून जहाजात कोंबून गोव्याला आणलं होतं. आजानंच तिला लहानपणी आवाज लावायला शिकवलं, नाचायला शिकवलं. सहा वर्षांपूर्वी ती नाटकात काम करायला म्हणून गेली, ती आज परत आली होती. मधे एकदाच आली, आईच्या मातीला.

"रविवारी प्रयोग आहे," ती म्हणाली. "आपल्या लोकांवरचं नाटक. मुख्य काम माझं, आणि त्यात ते गाणं म्हणायचंय."

"त्यांना कसं कळलं, तू सिद्दी आहेस ते?"

"मीच सांगितलं."

"कधी?"

तिनं पदराशी चाळा केला. "दिग्दर्शक त्या कामासाठी मुलगी शोधत होते... तेव्हा."

आजा हसला नाही. रागावलाही नाही. दोरी आवळत राहिला.

पहिल्याच तालमीत कुणीतरी विचारलं होतं, "तू कुठल्या देशाची गं?" सगळे हसले होते. त्याच आठवड्यात तिनं केस सरळ करून घेतले. नाव सांगायला लागली निशा. चेहऱ्यावर दोन हात जास्तीचा रंग चढवल्याशिवाय ती कधी स्टेजवर गेली नाही.

"आजा, सहा वर्षं झाली, तरी लोकांसमोर उभं राहिलं की छाती धडधडते. कुणीतरी ओळखेल असं वाटतं."

"आता तर सगळ्यांना माहीत आहे."

"तरी धडधडते."

"हं..."

मग तिनंच तोंड उघडलं.

"आई आली होती पुण्याला. प्रयोगाला. फणसाचे गरे घेऊन थेट मेकअप रूममध्ये आली. मुलींनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं..."

तिनं मान फिरवली.

"गावाकडची कामवाली," आजा म्हणाला.

ती दचकली. "आईनं सांगितलं तुला?"

"नाही. तिला सोबत म्हणून मीच आलो होतो. बाहेर दाराशी उभा होतो. तुझा आवाज मीच तयार केलाय, पोरी. लांबपर्यंत ऐकू येतो."

नतालनं डोळे मिटून घेतले. आईला तेव्हा ऐकू गेलं नसावं, या एका आशेवर तिनं दोन वर्षं काढली होती.

"परत येताना... काही बोलली ती?"

"बोलली ना. एस्टीत म्हणाली, नताल स्टेजवर किती स्पष्ट बोलते. शेवटच्या रांगेतसुद्धा सगळं ऐकू येतं."

नताल रडली. आजानं तिला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. दमाम मांडीवर ओढला आणि वाजवायला लागला.

तिनं तो ताल लगेच ओळखला. चार ठेके पडायचे आणि मधे हात थांबायचा. त्या थांबण्यात आईची ओळ असायची. भात कांडताना आई तिला म्हणायची, "माझ्या मागून म्हण गं." ती म्हणायची, "नंतर."

हात थांबला. नतालनं ओठ हलवले. अर्धी ओळ आली... आणि तुटली.

आजानं पुन्हा ठेका धरला, पुन्हा थांबला. पुन्हा तीच अर्धी ओळ.

"पुढचं येत नाही, आजा."

"मलाही नाही."

"मग कुणाला विचारू?"

आजानं मान हलवली. विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"रविवारी एवढे लोक येतील. हे गाणं ऐकायलाच येतील. मी त्यांच्यासमोर उभी राहून काय करू?"

आजानं दमाम उचलून खांद्याला अडकवला आणि कोपऱ्यातल्या वहाणा पायात सरकवल्या.

"आधी सगळ्यांसमोर तुझ्या आईचं नाव घे," तो म्हणाला. "ताल मी धरतो."