चढायच्या आधी

मोहाच्या रानात माणसांनी अजून वाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. चितळांचा कळप खाली चरायचा आणि टेंभा नावाचा वानर शेंड्यावर बसून पहारा द्यायचा. वाघ दिसला की तो खाकरून ओरडायचा, मग कळप पळायचा.

एका चैत्रात झाडाच्या ढोलीत मोहाची फुलं आंबली. टेंभानं ती पोटभर खाल्ली. आधी जीव हलका झाला, मग फांद्या दोन-दोन दिसू लागल्या. तेवढ्यात गवतातून वाघ आला. टेंभाला तो भारीच प्रेमळ वाटला. "या दादा, बसा!" म्हणत त्यानं हात हलवला आणि धपकन खाली पडला. त्या आवाजानं कळप उधळला, म्हणून वाचला. एका पाडसाच्या मांडीवर मात्र पंजा बसलाच.

दुसऱ्या दिवशी टेंभा डोकं धरून म्हणाला, "मी उडी मारली म्हणून वाचलात!"

"पडलास तू," म्हातारी चितळी चांदी म्हणाली. "त्याआधी वाघाला बसायला सांगितलंस."

टेंभानं पाडसाची मांडी पाहिली. "मग आता दुसरा कुणी पहारा देणार?"

"तुझ्यासारखी नजर कुणाची आहे? फक्त रोज चढायच्या आधी माझ्या नाकाशी 'हाऽ' करायचं."

फुलं दर चैत्रात आंबतात. टेंभा रोज सकाळी खाली उतरून 'हाऽ' करतो, चांदी हुंगते आणि मान डोलावते. मग सगळ्यांच्या आधी ते लंगडं पाडस निवांत चरायला लागतं.