लसणाचा वास देणारा खडा

आता कुणाच्या आठवणीतही उरला नाही अशा काळी, डोंगरापायथ्याच्या एका राज्यात एक म्हातारा रत्नपारखी राहत होता. मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, तो फार थकला होता. चाळीस वर्षं लोक त्याच्यापुढे खडे ठेवून एकच विचारत, "किती मिळतील?" तो सांगे, आणि त्याचा अंदाज कधी चुकत नसे.

एका दुपारी एक बाई तीन दिवस चालून त्याच्याकडे आली. पदराची गाठ सोडून तिनं एक हिरवागार खडा पुढे ठेवला.

"बाबा, गावची विहीर खोल केली तेव्हा तळाशी घावला. इतकी वर्षं कोनाड्यात पडून होता. परवा सोनार म्हणाला, पाचू आहे. आहे ना?"

पारख्यानं खड्यावर सुरीचं टोक ओढलं. लगेच ओरखडा उठला. पाचूवर तो उठत नाही. मग त्यानं एक बारीक कपची फोडून निखाऱ्यावर ठेवली.

"लसूण कोण भाजतंय?" बाईनं विचारलं.

"कुणी नाही. या खड्यात सोमल आहे. जहर. असा खडा मी जन्मात दुसऱ्यांदा पाहतोय. दुर्मिळ म्हणून दरबारात याच्या बदल्यात बैलजोडी सहज मिळेल."

बाई हरखली. खडा उचलायला तिनं हात पुढे केला, तेव्हा पारख्याला तिचा तळहात दिसला. तांदळाच्या कण्यांएवढ्या टणक गाठींनी तो भरला होता.

"हे कधीपासून?"

"विहीर खोल केली त्यानंतर दोन-चार वर्षांनी. गावात सगळ्यांनाच आहे. लेकीच्या हातावर आता कुठे उठायला लागलंय."

पारख्याला असा पहिला खडा आठवला. तो आणणाऱ्या माणसाचे हातही असेच असतील. त्यानं ते पाहिलेच नव्हते, किंमत मात्र बिनचूक सांगितली होती. पुढे त्या माणसाच्या गावावरून जाताना त्याला उघडी दारं दिसली, थंड चुली दिसल्या, माणूस एकही दिसला नाही. त्याचा थकवा त्या दिवसापासूनचा होता.

"बाई, ती विहीर बुजवा. हेच जहर तिच्या पाण्यात उतरलंय."

"अहो, दोन उन्हाळे अख्खा गाव खपलाय तिच्यापायी! माझं कोण ऐकणार?"

"तुझं नाहीच ऐकणार," गुडघ्यांवर हात टेकत तो उठला. "चल, मी येतो."

गावानं त्याला वेड्यात काढलं. वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. त्यानं सगळ्यांना तळहात पुढे करायला सांगितले आणि निखाऱ्यावर कपची ठेवली. वास सुटला. "हे जहर तुमच्या विहिरीतलं," एवढंच तो म्हणाला. मग ज्यांनी विहीर खणली होती तेच रडत रडत तिच्यात दगड टाकू लागले.

खडा दरबारात गेला, बैलजोडी आली, आणि बैलांच्या पाठीवरच्या पखालींतून लांबच्या झऱ्याचं पाणी गावात येऊ लागलं. लांबच्या पाण्यासाठी लोक कुरकुरत राहिले. पण लेकीचे हात हळूहळू पुन्हा मऊ झाले.

पारखी मात्र शेवटपर्यंत थकलेलाच राहिला. पहिलं गाव काही परत आलं नाही.

म्हणून लक्षात ठेवा: खड्याची किंमत करण्याआधी तो घेऊन आलेला हात पाहावा.